ब्राउझरचे लॉग घेणारा एंडपॉइंट: ४०३ का येतो आणि त्यानंतर काय बघायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रिअ‍ॅक्टचं फ्रंटएंड (ब्राउझरमध्ये चालणारा भाग) आहे, मागे जँगो आणि डीआरएफ (जँगोवर एपीआय बनवायची लायब्ररी), समोर एनजिनएक्स (येणारी रिक्वेस्ट आधी घेणारा वेब सर्व्हर). ब्राउझरमध्ये होणाऱ्या एरर सेंडबीकन (पान बंद होतानाही मजकूर पाठवू शकणारी ब्राउझरची सोय) वापरून स्वतःच्याच सर्व्हरवर, एका एंडपॉइंटवर (ठरावीक पत्त्यावर) जमा करायच्या आहेत. पोस्टमनमधून (हाताने रिक्वेस्ट पाठवून बघायचं साधन) लॉग व्यवस्थित जातो. खऱ्या ब्राउझरमधून मात्र लॉगिन केलेल्यांना ४०३ (परवानगी नाही) येतो, लॉगिन न केलेल्यांना ४१५ (हा कंटेंट टाइप चालत नाही). सीएसआरएफ (दुसऱ्या साइटने युजरच्या नावावर रिक्वेस्ट करू नये म्हणून असलेली तपासणी) सोडून देणारा एक्झेम्प्ट डेकोरेटर लावून पाहिला, कॉर्स (दुसऱ्या डोमेनवरच्या पानांना द्यायची परवानगी) सगळ्यांसाठी उघडं करून पाहिलं, फरक पडला नाही. नेमकं कुठलं सेटिंग राहिलंय?

राहिलेली सेटिंग्ज दोन आहेत आणि ती चहा निवायच्या आत होतील. पण ती झाल्यावर तुमच्याकडे एक असा पत्ता तयार होईल जिथे जगातला कोणीही, लॉगिन न करता, तुमच्या सर्व्हरवर काहीही लिहू शकेल. अ‍ॅपमधल्या इतर कुठल्याही एपीआयला आपण एवढी मोकळीक देत नाही. म्हणून आधी ४०३ मिटवू, आणि मग उरलेलं सविस्तर लिहितो, कारण खरं कॉन्फिगरेशन तिथून पुढे सुरू होतं.

आधी ४०३. डीआरएफची एपीआयव्ह्यू (व्ह्यू म्हणजे रिक्वेस्ट हाताळणारा कोड) मुळातच जँगोच्या सीएसआरएफ तपासणीतून वगळलेली असते. त्यामुळे तुम्ही वरून डेकोरेटर लावला काय नि न लावला काय, सारखंच. तपासणी होते ती सेशन ऑथेंटिकेशनच्या आत. तो क्लास आधी कुकी बघतो. सेशनमध्ये युजर सापडला तरच स्वतःहून सीएसआरएफ टोकन तपासतो. युजर नसेल तर तपासत नाही. म्हणून तुमच्याकडे लॉगिन केलेल्यांनाच ४०३ येतो. पोस्टमनमध्ये सेशनची कुकी नव्हती, त्यामुळे तिथे ही पायरी आलीच नाही. आणि सेंडबीकनला स्वतःचे हेडर लावता येत नाहीत, म्हणजे एक्स-सीएसआरएफटोकन पाठवायचा नेहमीचा मार्गही बंद.

४१५ चं कारण आणखी साधं. सेंडबीकनला तुम्ही जेसनची स्ट्रिंग दिलीत की ब्राउझर कंटेंट टाइप टेक्स्ट प्लेन लावतो. डीआरएफकडे मूळचे पार्सर (आलेला मजकूर वाचणारे) तीन: जेसन, फॉर्म आणि मल्टिपार्ट. टेक्स्ट प्लेन त्यात बसत नाही. पोस्टमनमध्ये तुम्ही जेसन निवडलं होतं, म्हणून गेलं. लॉगिन केलेल्यांचा ४०३ मिटवलात की त्यांनाही हाच ४१५ येणार होता. फक्त ऑथेंटिकेशन आधी होतं म्हणून तो दिसत नव्हता.

डीआरएफमध्येच राहायचं असेल तर त्या एका व्ह्यूवर ऑथेंटिकेशन क्लासेसची यादी रिकामी करा, परमिशन अलाउ एनी ठेवा आणि टेक्स्ट प्लेन वाचणारा चार ओळींचा पार्सर लिहा. मी असं करत नाही. मी या कामासाठी जँगोचा साधा फंक्शन व्ह्यू लिहितो: रिक्वायर पोस्ट, सीएसआरएफ एक्झेम्प्ट (इथे तो खरंच चालतो), बॉडी थेट रिक्वेस्टमधून वाचायची. लॉग घेणाऱ्या व्ह्यूला सिरियलायझर, कंटेंट निगोशिएशन, ब्राउझेबल एपीआय यातलं काहीच लागत नाही. जितके थर कमी तितकी मोडायची ठिकाणं कमी.

काही जण सुचवतील की फॉर्मडेटा बनवून त्यात सीएसआरएफ टोकन घाला आणि तो सेंडबीकनने पाठवा. तांत्रिकदृष्ट्या चालतं. पण जँगो लॉगिनच्या वेळी टोकन बदलतो. एखाद्याने दुसऱ्या टॅबमध्ये लॉगिन केलं, सेशन संपलं, किंवा कुकीच उडाली, की जुन्या टॅबमधलं टोकन शिळं. नेमक्या अशाच वेळी गंमतीदार एरर येतात आणि नेमके तेच लॉग तुम्ही नाकारणार. तपासणी सोडल्याने धोका किती? तर कोणीतरी तुमच्या लॉगमध्ये कचरा टाकू शकतो, आणि तो तर कर्लनेही (कमांड लाइनवरून रिक्वेस्ट पाठवायचं साधन) टाकू शकतो. सीएसआरएफ तपासणी ही युजरच्या नावावर पैसे हलू नयेत, पासवर्ड बदलू नये यासाठी आहे. इथे युजरच्या नावावर काही घडतच नाही, आणि पुढेही घडू द्यायचं नाही. एवढं मात्र करा: नवे ब्राउझर सेक-फेच-साइट नावाचा हेडर पाठवतात. तो आलेला असेल आणि त्यात सेम ओरिजिन नसेल तर रेकॉर्ड सोडून द्या. हेडर नसेल तर घ्या. दुसऱ्या साइट्सवरून येणारा कचरा त्याने अडतो.

कॉर्सचं तुम्ही जे उघडं केलंय ते आजच बंद करा. फ्रंटएंड आणि एपीआय एकाच डोमेनवर असतील तर इथे कॉर्सचा संबंधच नाही. तुमच्या वर्णनावरून ते तसंच दिसतंय, कारण वेगळ्या डोमेनवर असते तर तक्रारीत प्रीफ्लाइट (खऱ्या रिक्वेस्टआधी ब्राउझर करतो ती परवानगीची चौकशी) आणि ऑप्शन्स हे शब्द आले असते. वेगळी सबडोमेन असतील तर उत्तर बदलतं. टेक्स्ट प्लेन पाठवलंत तर प्रीफ्लाइट होत नाही, रिक्वेस्ट थेट येते, आणि उत्तर वाचायचंच नसल्यामुळे परवानगीच्या हेडरचीही गरज उरत नाही. तेच ब्लॉब (प्रकार लिहून बांधलेला मजकूर) करून त्यावर अ‍ॅप्लिकेशन जेसन लिहिलंत की प्रीफ्लाइट आलं. सेंडबीकन कुकीसह जातो, त्यामुळे तिथे चांदणी (कुठलाही ओरिजिन चालेल अशी खूण) चालत नाही, नेमका ओरिजिन आणि क्रेडेन्शियल्सची परवानगी दोन्ही द्यावी लागते. पान बंद होत असताना दोन फेऱ्या करायला लावणं हा जुगार आहे. त्यामुळे सबडोमेन वेगळी असली तरी मी एनजिनएक्समध्ये फ्रंटएंडच्याच डोमेनखाली एक पाथ राखून ठेवतो आणि आतून एपीआयकडे वळवतो. कॉर्सचा विषय संपतो. कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (पानाने कुठेकुठे संपर्क करायचा याचे नियम) लावली असेल तर कनेक्ट सोर्समध्ये सेल्फ आहे ना एवढं बघायचं. सेंडबीकन आणि फेच (ब्राउझरमधून रिक्वेस्ट पाठवायची नेहमीची पद्धत) दोन्ही त्या नियमाखाली येतात.

पाथच्या नावाबद्दल एक. ट्रॅक, कलेक्ट, अ‍ॅनालिटिक्स, बीकन असली नावं देऊ नका. जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनच्या याद्या असल्या शब्दांवर टपलेल्या असतात, आणि मग ठरावीक ग्राहकांचे लॉग गुपचूप गायब होतात. शिवाय युजरला चुकवून काही करायचा आपला हेतू नाही, स्वतःच्या अ‍ॅपच्या एरर गोळा करायच्या आहेत, त्यामुळे नावही साधं असावं.

इथपर्यंत रिक्वेस्ट आत येईल. आता ती आत आल्यावर काय करायचं हा भाग.

या एंडपॉइंटबद्दल माझा नियम एकच आहे: लॉग हरवला तरी चालेल, लॉगमुळे अ‍ॅप अडता कामा नये. नवीन लोकांना हे उलटं वाटतं. त्यांना प्रत्येक लॉग वाचवायचा असतो, म्हणून ते रिट्राय लावतात, डेटाबेसमध्ये लिहितात, ट्रान्झॅक्शन करतात. मग काय होतं बघा. समजा डेटाबेस हळू झाला. एपीआय टाइमआउट होऊ लागल्या. प्रत्येक ब्राउझरमध्ये एरर आली. प्रत्येक एररचा लॉग त्याच सर्व्हरकडे, त्याच गनिकॉर्न वर्करकडे (जँगोचा कोड चालवणारी प्रोसेस) आणि शेवटी त्याच आजारी डेटाबेसकडे निघाला. दोन कोअरच्या मशीनवर नेहमीच्या सूत्राने पाच वर्कर असतात. ते लॉग लिहायला अडकले की खऱ्या रिक्वेस्टला वर्कर उरत नाही, त्यातून आणखी एरर, त्यातून आणखी लॉग. मूळ दुखणं दोन मिनिटांचं असतं आणि साइट अर्धा तास उठत नाही.

म्हणून त्या व्ह्यूमध्ये डेटाबेसला हातच लावायचा नाही. सेटिंगमध्ये अ‍ॅटॉमिक रिक्वेस्ट्स चालू असेल तर जँगो प्रत्येक व्ह्यूसाठी ट्रान्झॅक्शन उघडतो. या व्ह्यूवर नॉन अ‍ॅटॉमिक डेकोरेटर लावा, नाहीतर तुमचा कोड डेटाबेसला शिवत नसला तरी डेटाबेस पडल्यावर लॉगही पडतील. रिक्वेस्ट डॉट युजरही वाचू नका. सेशन डेटाबेसमध्ये असतील तर त्या एका शब्दाने क्वेरी जाते.

मग हा लॉग कोणाचा हे कळणार कसं? फ्रंटएंडमध्ये टॅब उघडताना एक रँडम आयडी बनवा. प्रत्येक एपीआय कॉलच्या हेडरमध्ये तो पाठवा आणि ब्राउझरच्या लॉगमध्येही घाला. सर्व्हरच्या नेहमीच्या लॉगमध्ये तो आयडी आणि खरा युजर शेजारी शेजारी असतात. जोडायचं तेव्हा तिथे जोडता येतं. ब्राउझरने ‘मी युजर क्रमांक अमुक’ असं लॉगमध्ये लिहून पाठवलं तर त्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही.

लिहायचं कुठे? माझ्या कामात मी जेसनची एक ओळ स्टँडर्ड आउटपुटवर टाकतो आणि पुढचं सिस्टमडीच्या जर्नलवर (लिनक्समधला लॉग साठवणारा भाग) किंवा व्हेक्टर, फ्लुएंट बिटसारख्या वाहकावर सोडतो. फाइलमध्ये थेट लिहायचा मोह होईल. पण गनिकॉर्नचे वर्कर वेगवेगळ्या प्रोसेस असतात, आणि पायथनच्या लॉगिंग मॉड्यूलचं दस्तऐवजच सांगतं की अनेक प्रोसेसनी एकाच फाइलमध्ये लिहिण्याला आधार नाही. रोटेटिंग फाइल हँडलर (फाइल भरली की नवी सुरू करणारा) तर आणखी वाईट. एक वर्कर फाइलचं नाव बदलतो, दुसरा जुन्या फाइललाच धरून लिहीत बसतो, आणि रोटेशनच्या वेळी ओळी गायब होतात. महिनाभर कोणाच्या लक्षातही येत नाही.

जर्नलच्याही दोन मर्यादा माहीत असू द्या. एका सर्व्हिसकडून ३० सेकंदांत १०,००० पेक्षा जास्त ओळी आल्या तर तो मूळ सेटिंगप्रमाणे पुढच्या टाकून देतो. आणि ४८ केबीपेक्षा लांब ओळ तो तोडतो; तुटलेली ओळ म्हणजे तुटलेलं जेसन. डॉकर वापरत असाल तर वेगळा सापळा: मूळच्या जेसन फाइल ड्रायव्हरला आकाराची मर्यादाच नसते. कमाल आकार आणि फाइलींची संख्या तुम्हालाच द्यावी लागते, नाहीतर एके दिवशी डिस्क भरते आणि लॉगमुळे अ‍ॅप बंद पडतं.

यावरूनच बॉडीचा आकार ठरतो. सेंडबीकनची ब्राउझरकडची मर्यादा साधारण ६४ केबी आहे, आणि फेच कीपअलाइव्हचंही तेच. ती एका रिक्वेस्टपुरती नसून त्या वेळी वाटेत असलेल्या सगळ्यांची मिळून मोजली जाते. मर्यादा ओलांडली तर सेंडबीकन फॉल्स परत देतो आणि बहुतेक कोड ते बघतही नाही. एनजिनएक्सची मूळ मर्यादा १ एमबी, जँगोची अडीच एमबी. दोन्ही या कामासाठी फार सैल. मी त्या एका लोकेशनपुरती एनजिनएक्समध्ये ३२ केबी ठेवतो. मग एका ओळीचं गणित जर्नलमध्ये बसतं आणि मोठी बॉडी पायथनपर्यंत पोचतच नाही, एनजिनएक्सच ४१३ (बॉडी फार मोठी) देऊन मोकळा होतो. तुमच्या अ‍ॅपमध्ये स्टॅक ट्रेस फार लांब असतील तर ६४ करा, पण मग एका बॉडीतून आलेले रेकॉर्ड वेगवेगळ्या ओळींत लिहा.

रेट लिमिटही एनजिनएक्समध्येच, पायथनमध्ये नको. आयपीमागे सेकंदाला ५ आणि बर्स्ट (एकदम आलेल्या जादा रिक्वेस्टना सूट) २० पासून सुरुवात करा, नोडिले लावा. नोडिले नसेल तर एनजिनएक्स जादा रिक्वेस्ट नाकारण्याऐवजी रांगेत धरून ठेवतो, आणि लॉगसाठी रांग नको आहे. नाकारताना तो मूळचा ५०३ (सेवा उपलब्ध नाही) देतो. ते ४२९ (फार रिक्वेस्ट आल्या) करून घ्या, नाहीतर देखरेखीच्या आलेखात सर्व्हर पडल्यासारखं दिसतं. १० एमबीच्या झोनमध्ये (ही मोजणी ठेवायची मेमरी) ६४ बिटच्या मशीनवर सुमारे ८० हजार आयपींची नोंद मावते, पुरते. आकडे मात्र तुमच्या ग्राहकांवर अवलंबून आहेत. मोबाइल नेटवर्कवर एका सार्वजनिक आयपीमागे शेकडो माणसं असतात, कॉलेजच्या वायफायवर अख्खं वसतिगृह असतं. तुमचं अ‍ॅप परीक्षेच्या फॉर्मचं असेल तर आयपीची मर्यादा सैल ठेवा आणि तिच्या जोडीला पूर्ण सर्व्हरसाठी एक एकत्रित मर्यादा लावा. एनजिनएक्स एकाच लोकेशनवर दोन्ही चालवतो.

समोर लोड बॅलन्सर किंवा सीडीएन (मध्ये राहून रिक्वेस्ट पुढे पाठवणारे सर्व्हर) असेल तर हे सगळं करण्याआधी एनजिनएक्सला दिसणारा आयपी खरा आहे का ते बघा. नसेल तर सगळे ग्राहक एकाच आयपीचे वाटतात आणि पहिल्या वीस लॉगनंतर बाकीच्यांना दार बंद. रिअल आयपी मॉड्यूलमध्ये विश्वासाचे प्रॉक्सी नेमके लिहा. एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडर आंधळेपणाने उचललात तर कोणीही रोज नवा आयपी लिहून पाठवेल.

ट्रॅफिक बऱ्यापैकी असेल तर मी याच कोडचा एक वेगळा गनिकॉर्न, एका वर्करचा, वेगळ्या पोर्टवर चालवतो आणि एनजिनएक्समधून फक्त हा पाथ तिकडे वळवतो. लॉगचा पूर आला तर तो एक वर्कर गुदमरतो, बाकीचं अ‍ॅप चालू राहतं. दिवसाला दोन-चारशे ग्राहक असतील तर याची गरज नाही.

आता मजकूर. आलेली प्रत्येक बॉडी परक्या माणसाने लिहिलेली आहे असं धरा, तुमच्याच फ्रंटएंडमधून आलेली दिसली तरी. २०२१ च्या डिसेंबरमध्ये लॉगफॉरजेची जी भानगड झाली ती नेमकी इथलीच होती. जावाच्या या लायब्ररीच्या २ क्रमांकाच्या मालिकेत नुसता एक खास मजकूर लॉगमध्ये लिहिला गेला की बाहेरचा कोड सर्व्हरवर चालवता येत होता. माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर तर चॅटमधल्या एका ओळीने हे होत होतं. पायथनच्या लॉगिंगमध्ये तसलं काही नाही, पण लॉग पुढे ज्या ज्या साधनातून जातो त्या प्रत्येकाबद्दल ही खात्री तुम्ही देऊ शकत नाही.

म्हणून मी बॉडी जशीच्या तशी लिहीत नाही. ठरावीक रकानेच उचलतो: पातळी, मेसेज, स्टॅक, पानाचा पाथ, बिल्डचा क्रमांक, टॅबचा आयडी, ब्राउझरची वेळ. बाकी जे आलं ते सोडून देतो. मेसेज हजार अक्षरांवर कापतो, स्टॅक आठ हजारांवर. पातळी यादीतली नसेल तर एरर समजतो. प्रत्येक किंमत स्ट्रिंग आहे का ते बघतो. सर्व्हरची वेळ, आयपी आणि युजर एजंट मी स्वतः घालतो. मग जेसन डंप्स करून एक ओळ. साध्या मजकुरात लिहिलंत तर मेसेजमध्ये नवी ओळ घालून कोणीही खोटी लॉगची ओळ तयार करू शकतो, ‘अ‍ॅडमिन लॉगिन यशस्वी’ अशी. जेसनमध्ये नवी ओळ एस्केप होते (साध्या अक्षरांत बदलून लिहिली जाते) आणि तो प्रश्न मिटतो.

पायथनच्या जेसनचे तीन बारकावे सांगून ठेवतो. चुकीच्या जेसनची आणि चुकीच्या यूटीएफ-८ ची एरर दोन्ही व्हॅल्यू एररच्या पोटात येतात, तेवढं पकडलं की भागतं असं वाटतं. पण कोणी हजारो उघडे चौकोनी कंस पाठवले तर रिकर्शन एरर येऊ शकते, तीही पकडा. दुसरं, पायथन एनएएन (‘संख्या नाही’ ही किंमत) आनंदाने वाचतो आणि आनंदाने लिहितो, पण ते वैध जेसन नाही, पुढचं साधन त्या ओळीवर अडखळतं. स्ट्रिंगच घ्यायच्या असं ठरवलं की हे आपोआप टळतं. तिसरं, हे लॉग पुढे पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये जाणार असतील तर शून्य क्रमांकाचं कॅरेक्टर काढून टाका. पोस्टग्रेसची टेक्स्ट कॉलम ते घेत नाही आणि एका रेकॉर्डपायी अख्खी बॅच परत येते.

धोका लिहिताना असतो त्याहून वाचताना जास्त असतो. सपोर्टच्या टीमसाठी कोणीतरी घाईत लॉग दाखवणारं अंतर्गत पान बनवतं, मेसेज एस्केप न करता छापतं, आणि बाहेरच्या माणसाने पाठवलेली स्क्रिप्ट तुमच्या अ‍ॅडमिनच्या ब्राउझरमध्ये, अ‍ॅडमिनच्या सेशनमध्ये चालते. जँगोच्या टेम्पलेटमध्ये सेफ फिल्टर (एस्केप करणं बंद करणारा) कुठे लावलाय का ते शोधा. आणि साहेबांना एक्सेल लागतं म्हणून सीएसव्ही काढत असाल तर बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारी किंमत एक्सेल फॉर्म्युला म्हणून चालवतं, हेही बघा.

उत्तरात काय द्यायचं? मी नेहमी २०४ (ठीक, उत्तरात मजकूर नाही) देतो, कचरा आला तरी. सेंडबीकन उत्तर वाचत नाहीच, आणि फेच वापरणारा कोड ४०० (चुकीची रिक्वेस्ट) बघून पुन्हा पाठवत बसू नये. टाकून दिलेल्यांची गणती मात्र ठेवतो. स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) ४०० आणि कारण द्यायला हरकत नाही, तिथे आपलीच माणसं असतात.

एनजिनएक्समध्ये या पाथचा अ‍ॅक्सेस लॉग बंद करा असा सल्ला तुम्हाला मिळेल, लॉगचा लॉग कशाला म्हणून. मी चालू ठेवतो. ४१३ आणि ४२९ किती गेले हे फक्त तिथेच कळतं, पायथनपर्यंत ते पोचलेलेच नसतात.

ब्राउझरच्या बाजूबद्दल थोडक्यात, कारण अर्ध्या तक्रारी तिथून येतात. अनलोड आणि बिफोर अनलोड या इव्हेंटवर विसंबू नका, मोबाइलवर ते बऱ्याचदा येतच नाहीत. व्हिजिबिलिटी चेंज मध्ये पान हिडन झालं की साठलेलं पाठवा. एरर साठवून एकत्र पाठवा. तीच एरर पुन्हा आली तर फक्त आकडा वाढवा. एका पानामागे वीस-पंचवीसच्या वर पाठवू नका, कारण रेंडरच्या चक्रात अडकलेला एकच घटक एका ब्राउझरमधून हजारो एरर काढू शकतो. पाठवणाऱ्या कोडभोवती ट्राय कॅच घाला आणि त्यात आलेली एरर लॉग करू नका, नाहीतर लॉगर स्वतःच्याच शेपटीमागे धावतो. क्रोम एक्स्टेन्शनचा पत्ता स्टॅकमध्ये दिसला तर सोडून द्या, ती तुमची एरर नव्हे. नुसतं ‘स्क्रिप्ट एरर’ एवढंच येत असेल तर ती दुसऱ्या डोमेनवरच्या फाइलमधली आहे. स्क्रिप्ट टॅगवर क्रॉसओरिजिन लावा आणि त्या सर्व्हरने कॉर्सचा हेडर द्यायला हवा. कॉर्सची खरी गरज आहे ती इथे.

पानाचा पत्ता पाठवताना प्रश्नचिन्हाच्या पुढचं सगळं कापा. पासवर्ड रीसेटचं टोकन, ईमेल, कधी कधी मोबाइल नंबर तिथे असतो. मेसेजमध्येही १२ आकडी आणि १० आकडी रांगा दिसल्या तर फुल्या मारा; आधार आणि मोबाइल बहुतेक त्यातच सापडतात. काही निष्पाप आयडींवरही फुल्या पडतील, पडू द्या. हे ब्राउझरमध्ये करा आणि सर्व्हरवर पुन्हा करा. जुनं जावास्क्रिप्ट कॅशमध्ये घेऊन बसलेले ग्राहक कायम असतात.

हे का, तर किती दिवस ठेवायचं या प्रश्नामुळे. सर्ट-इन या देशाच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार आयसीटी (संगणक आणि दळणवळण) यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, शिवाय सर्व्हरचं घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपीशी (घड्याळ जुळवून देणाऱ्या सर्व्हरशी), किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, जुळतं ठेवायचं असतं. दुसरीकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा म्हणतो की काम संपल्यावर वैयक्तिक माहिती बाळगू नका. ब्राउझरच्या एररना यातलं नेमकं काय लागू होतं ते तुमच्या संस्थेवर आणि कामावर अवलंबून आहे. कंप्लायन्स बघणाऱ्यांना लेखी विचारा. माझा अनुभव एवढाच की लॉगमध्ये वैयक्तिक माहिती मुळातच नसेल तर ही चर्चा दहा मिनिटांत संपते. वेळा साठवताना यूटीसीमध्ये साठवा, दाखवताना साडेपाच तास मिळवा. ब्राउझरची वेळ वेगळ्या रकान्यात ठेवा आणि क्रम लावायला ती वापरू नका, ग्राहकांच्या फोनची घड्याळं वाटेल ती वेळ दाखवतात.

हे सगळं वाचून वाटेल की एवढं स्वतः करावं का? प्रामाणिक उत्तर: फक्त जावास्क्रिप्टच्या एरर गोळा करून त्या गटवारीने बघायच्या असतील तर नका करू. सेंट्री किंवा स्वतःच्या सर्व्हरवर चालणारं ग्लिचटिप लावा. ग्लिचटिप जँगोवरच लिहिलेलं आहे, तुमच्या टीमला ते परकं वाटणार नाही. सोर्स मॅपवरून मूळ ओळ शोधणं, सारख्या एरर एकत्र करणं ही कामं त्यांनी करून ठेवली आहेत. माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही, लॉगचा आकार तुमचा स्वतःचा आहे, किंवा आधीच सगळे लॉग एका जागी जमा होतात आणि हेही तिथेच हवेत, असं असेल तर स्वतःचा एंडपॉइंट योग्य.

तो केलात तर चाचणी पोस्टमनने करू नका. ब्राउझरमध्ये लॉगिन करून कन्सोलमधून सेंडबीकन मारा, मग लॉगआउट करून मारा, मग जुना टॅब उघडा ठेवून दुसऱ्या टॅबमध्ये लॉगिन करून पहिल्यातून मारा. कर्लने ५ एमबीची बॉडी पाठवा आणि ४१३ एनजिनएक्सकडून येतोय, पायथनकडून नाही, याची खात्री करा. मेसेजमध्ये नवी ओळ घालून बघा. स्टेजिंगवर पोस्टग्रेस बंद करा आणि लॉग तरीही येतात का पाहा.

आणि एक अलार्म लावा जो लॉग जास्त आले म्हणून वाजणार नाही, थांबले म्हणून वाजेल. दर पाच मिनिटांनी क्रॉनमधून बाहेरच्या मशीनवरून याच एंडपॉइंटला एक ओळखीचा लॉग पाठवा. पंधरा मिनिटं तो साठ्यात दिसला नाही की फोन वाजला पाहिजे. एरर शून्यावर आल्याचा आलेख बघून टीम खूश असते आणि प्रत्यक्षात कोणीतरी एनजिनएक्सचं कॉन्फिग बदलताना हा पाथ उडवलेला असतो.

फ्रंटएंड आणि एपीआय वेगळ्या डोमेनवर असतील, किंवा समोर सीडीएन असेल, तर तेवढं कळवा. एनजिनएक्सच्या लोकेशनमधलं नेमकं काय बदलेल ते लिहितो.